बुडीत भाडं

इलारियाने तीन कागद टेबलावर मांडले,
पत्ते वाटावेत तसे, फक्त चेहरे वर करून.
पहिला दर स्वस्त : आतली केबिन, खिडकी नाही,
नंबर कंपनी देईल तो,
रद्द केलं तर सगळे पैसे बुडाले.
मधल्यात गोल खिडकी, जेवणाची वेळ आपल्या मर्जीची,
रद्द केलं तर अर्धे परत.
तिसरा बाल्कनीचा. त्यात वाइन, वायफाय, दोन पांढरे झगे,
आणि निघायच्या आदल्या दिवसापर्यंत
कधीही नाही म्हणायची मुभा.

'मुभा' ती जरा सावकाश म्हणाली,
माझ्याकडे बघून. एर्मेसकडे नाही.
आमच्या मोनफाल्कोनेत असंच बोलतात
घरात खोकला असलेल्या बायकांशी.

बत्तीस वर्षं त्याने इथल्या गोदीत जहाजांचे पाइप गुंडाळले
कापसासारख्या कशाने तरी.
तो कापूस नव्हता.
संध्याकाळी मी त्याचा डगला गच्चीत झटकायची,
उतरत्या उन्हात ते चमचमत उडायचं.
खोटं कशाला बोलू, छान दिसायचं.

आता तो चष्मा लावून जहाजाचा नकाशा बघत होता.
"हा जिना इथे नाही," इलारियाला म्हणाला.
"आणि मागच्या बाजूची केबिन कुणाला देऊ नका, रात्रभर थरथरते."
भिंतींच्या आतलं सगळं त्याला पाठ.
पडदे लागायच्या, गालिचे यायच्या आधीच
त्याला दरवेळी पुढच्या जहाजावर पाठवलेलं.
पडदे लागलेलं एकही त्याने पाहिलं नाही.

मी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं होतं.
सफर ऑक्टोबरची.
डॉक्टर 'ऑक्टोबर' म्हणतात तेव्हा
खांदे असे उडवतात, जणू हवामानाचा प्रश्न आहे.
मधल्या कागदाकडे मी बघितलंच नाही.
अर्धे परत,
दोघांतले अर्धे म्हणजे किती, ते मला येतं.

"पहिला," एर्मेस म्हणाला.
"अरे, बुडतात ते. ऐकलंस ना?"
"बुडू देत.
परत मिळणारे असले की माणूस कारण शोधत बसतो,
आज दम लागतोय, उद्या बोरा सुटणार आहे.
मला बुडीतच हवेत, नेरीना.
म्हणजे जावं लागेल."
"आणि खिडकी?"
"बाहेर अख्खा समुद्र आहे.
खिडकीत कशाला कापून घ्यायचा?"
मग खोकला. मग इलारियाने पाणी आणलं,
आणि आम्ही तिघांनी ते पाणी संपेपर्यंत
भिंतीवरच्या ग्रीसच्या फोटोकडे बघितलं.

बाराशे अठ्ठ्याण्णव युरो. बंदराचा कर वेगळा.
मुलीने उदिनेहून फोन केला :
"आई, पैसा पाण्यात घातलास."
मी म्हटलं, हो, तिथेच घातलाय.

पण हातचं राखायची सवय जाता जात नाही.
दुसऱ्या दिवशी मी एकटीच इलारियाकडे गेले.
"शुक्रवारी पाचपर्यंत दर बदलता येतो," ती म्हणाली.
मी पर्स उघडली, त्याचा चष्मा पुसायचा रुमाल निघाला,
पर्स मिटली.
येताना बाजारातून दोन पांढरे झगे घेतले,
एकोणीस युरोंना जोडी.

तो आतापासूनच घालून हिंडतो.
स्वयंपाकघराला सहावा डेक म्हणतो,
कॉफी 'कप्तानासाठी' मागतो,
आणि ओट्यामागच्या पाइपवर बोटाने टकटक करून कान देतो.
तिकीट खिशात, चौघडी करून.

काल त्याचा झगा पहिल्यांदा धुवायला काढला.
नवं कापड, तंतू सुटत होते.
गच्चीत ऊन उतरत होतं, क्रेनच्या आड.
झटकायला हात वर उचलला मी,
आणि तसाच खाली आणला.
घडी घातली. आत आले.